मेंढा (लेखा) : जंगल राखणारी ग्रामसभा

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव सुमारे १८०० हेक्टर जंगलाने वेढलेले आहे. मोह, तेंदू, मध, बांबू, सरपण आणि औषधी मुळ्या यांवर गावाचे वर्षभराचे जगणे अवलंबून असते. जमीनदारीच्या काळात घरगुती गरजेपुरता वनोपज घेण्याचा, म्हणजे निस्ताराचा, हक्क गावकऱ्यांना होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जमीनदारी संपून ही जंगले सरकारजमा झाली. त्यानंतर हे हक्क आक्रसत गेले आणि परिसरातील बांबू तोडण्याची मुभा कागद कारखान्याला मिळाली.

१९८० च्या दशकात गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टनम या प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. या काळात मेंढ्यातही जागृती झाली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने कारभाराची नवी रीत घडवली. प्रश्न आधी अभ्यासगटात समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत मांडायचा आणि निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने करायचा, ही ती रीत होय. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच विचारातून आली.

ग्रामसभेने जंगलासाठी नियम केले. वनोपज किती आणि केव्हा काढायचा हे ठरले, अतिक्रमणाला बंदी झाली, बाहेरच्यांना परवानगी आवश्यक झाली. वणवे रोखणे आणि पाळीपाळीने राखण करणे ही सर्वांची जबाबदारी ठरली. मधमाश्या न मारता मध काढण्याच्या पद्धतीचाही अभ्यास झाला. कायद्याचा आधार मिळण्याच्या कितीतरी आधी ही व्यवस्था सुरू झाली होती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांना मान्यता दिली. जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचे अधिकारही ग्रामसभेला दिले. २००९ मध्ये मेंढ्याचे हक्क मान्य झाले. देशात असे हक्क सर्वप्रथम मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक ठरले. तरी बांबूचा प्रश्न उरलाच. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती, तर नव्या कायद्याने त्याला गौण वनोपज, म्हणजे ग्रामसभेच्या हक्काचा वनोपज, मानले. या वादात बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना अडला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गाव स्वतःचा बांबू कायदेशीरपणे विकू लागले. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा, म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचा, निर्णय घेतला.

मेंढ्यानंतर गडचिरोलीतील शेकडो गावांनी सामूहिक वनहक्क मिळवले. कायद्याने हक्क दिला हे खरे. पण तो पेलण्याची ताकद आधीच्या दोन दशकांच्या सहमतीने आणि राखणीने कमावली होती. ज्या गावांच्या हाती आज असे हक्क आले आहेत, त्यांनी मेंढ्याकडून प्रथम ग्रामसभा चालवायला शिकले पाहिजे.