धनुष्याची मूठ

धनुष्याची गोष्ट सांगूं लागलें कीं ती हटकून बाणाची गोष्ट होते. बाण किती लांब गेला, कोठें लागला, कोणाला भेदून गेला, एवढेंच आपण विचारतों. ज्या हातानें धनुष्य धरलें होतें, तो हात बाण सुटण्याच्या क्षणीं काय करीत होता, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक नेम साधणें किंवा चुकणें हें पुष्कळदां त्या हाताच्या मुठींतच ठरून जातें. त्या मुठीचा थोडा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. आणि त्याचा आरंभ मराठवाड्यांतील खुलताबादेपासून करणें सोयीचें आहे.

वेरूळचीं लेणीं खुलताबाद तालुक्यांतच मोडतात. तेथील पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्यांत राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे, आणि त्याच लेण्याच्या वरच्या मजल्यावर त्रिपुरांतक शिवाचें शिल्प आहे. ब्रह्मदेव सारथि आहे, आणि रथावर धनुर्धारी शिव उभा आहे. देवाचा नेम चुकण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. परंतु खुद्द खुलताबादेंत, ज्याला पूर्वीं रौझा म्हणत, तेथें अशा एका पुरुषाची कबर आहे, कीं ज्याच्यावर एका बादशहानें चित्रांत अचूक बाण मारला आणि प्रत्यक्षांत ज्याला तो कधीं गांठूं शकला नाहीं. हा पुरुष म्हणजे निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर. १६१० मध्यें खडकी शहर वसविणारा तो हाच. त्या खडकीचेंच पुढें औरंगाबाद आणि आतां छत्रपती संभाजीनगर झालें.

हें चित्र जहांगीराच्या दरबारांतील चित्रकार अबुल हसन यानें सुमारें १६१६ मध्यें काढलें. आज तें डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहांत आहे. माशावर बैल, बैलावर पृथ्वीचा गोल आणि त्या गोलावर जहांगीर उभा आहे. समोर भाल्याच्या टोंकावर मलिक अंबराचें मस्तक खोंचलेलें आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षांत अंबराचें मस्तक मोगलांच्या हातीं कधींच लागलें नाहीं. तो १६२६ मध्यें मरण पावला आणि खुलताबादेस स्वतःच्या घुमटाखालीं विसावला. पुढच्याच वर्षीं जहांगीरहि वारला. चित्रांतल्या हाताला कंप नसतो आणि चित्रांतल्या धनुष्याला पीळ पडत नाहीं. खऱ्या धनुर्धराला मात्र ह्या दोहोंशीं रोज झुंजावें लागे.

तें खरें धनुष्य कसें होतें? मोगलांचें धनुष्य एकाच लांकडाचें नसे. मध्यें लांकडाचा गाभा, पोटाकडून शिंग, पाठीकडून जनावराचे स्नायू, आणि हें सर्व सरसानें एकजीव केलेलें. अशा धनुष्याचा जोर विलक्षण. पण पावसाळी हवेंत सरस सैल पडे आणि धनुष्याची भुजा वांकडी होई. म्हणून जाणता धनुर्धर त्याला बेतानें ऊब देऊन, हातानें सरळ करून, मगच प्रत्यंचा चढवी. हत्यार जुळवून घेणें ही आजच्या यंत्रयुगाची कल्पना नव्हे, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आतां मुठीकडे वळूं. आपल्या वासिष्ठ धनुर्वेदांत पताका, वज्रमुष्टि, सिंहकर्णी, मत्सरी आणि काकतुंडी अशा पांच मुष्टी सांगितल्या आहेत. त्या प्रत्यंचा ओढणाऱ्या हाताच्या आहेत. धनुष्य धरणाऱ्या हातापुढें अडचण निराळीच होती. जुन्या धनुष्याच्या मधोमध बाणाला वाट नसे. बाण मुठीच्या एका बाजूला टेकवावा लागे. प्रत्यंचा तर धनुष्याच्या मध्यरेषेकडे परतणार. म्हणजे बाणाची शेपटी मध्याकडे जाई आणि त्याचें तोंड बाजूला ढकललें जाई. तरीहि बाण नेमावर जातो, कारण तो सुटतांना वांकतो, लवतो, आणि मुठीला वळसा घालून निघून जातो. ह्या गोष्टीला इंग्रजींत तिरंदाजाचा विरोधाभास म्हणतात, आणि अमेरिकेंतील शास्त्रज्ञ हिकमन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अतिवेगवान छायाचित्रणानें ती डोळ्यांना दाखवून दिली.

हा वळसा सुखरूप व्हावा म्हणून पूर्वेकडील धनुर्धर हाताची मदत घेत. अरबी धनुर्विद्येच्या ग्रंथांत बाण सोडतांना मुठीला मनगटानें द्यावयाच्या एका झटक्याचें वर्णन आहे; त्याला ‘खत्रा’ म्हणतात. धनुष्य बाणाच्या वाटेंतून ऐन क्षणीं दूर व्हावें, हा त्याचा हेतु. तात्पर्य, त्या काळीं मुठीला पीळ देणें हा दोष नव्हता, ती विद्या होती. मात्र तो पीळ प्रत्येक वेळीं तितकाच आणि त्याच क्षणीं पडला पाहिजे. त्यासाठीं वर्षानुवर्षें मेहनत करावी लागे.

येथून आपण एकदम विसाव्या शतकांत येतों. अमेरिकेच्या मिसुरी राज्यांतील हॉलेस विल्बर ॲलन यानें १९६६ मध्यें एका नव्या धनुष्याच्या हक्काचा अर्ज केला. १९६९ मध्यें त्याला पेटंट मिळालें. हेंच कंपाउंड धनुष्य. त्याच्या दोन्ही टोंकांना विषमकेंद्री चाकें असतात. प्रत्यंचा ओढतांना जोर आधीं वाढतो आणि शेवटीं एकदम उतरतो. स्पर्धेंत ६० पौंडांपर्यंतचें धनुष्य चालतें. चाकांनीं ८० टक्के भार उचलला, तर पूर्ण ओढलेल्या स्थितींत बोटांवर उरतात अवघे १२ पौंड. शिवाय मधला धातूचा सांगाडा असा कोरलेला असतो, कीं बाण मध्यरेषेंतूनच निघून जातो. वळसा घालण्याचें कारणच उरलें नाहीं.

आणि येथेंच मुठीचें दैव पालटलें. जो पीळ पूर्वीं गुण होता तो आतां दोष ठरला. ओढ हलकी झाल्यामुळें धनुष्याला ताणून सरळ ठेवणारा जोरहि कमी झाला. तळहाताचा थोडासा दाब पडला तरी धनुष्य मुठीभोवतीं फिरतें. ह्याचा हिशेब सोपा आहे. बाण सुमारें ७० सेंटिमीटर लांब धरा. सुटतांना त्याचें तोंड एक मिलिमीटर ढळलें, तर ५० मीटरवर तो सुमारें ७ सेंटिमीटर दूर पडेल. कंपाउंड धनुष्याच्या स्पर्धेंत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे फक्त ८ सेंटिमीटर. म्हणजे मध्यावर नेम धरलेला बाण दहा सोडून नऊंत जाणार.

ह्यावर पहिला उपाय हाताचा. मूठ आवळावयाची नाहीं. अंगठ्याच्या बुडाशीं जो मांसल भाग आहे, आयुष्यरेषेच्या अलीकडचा, तेवढाच धनुष्याला टेकवावयाचा. बोटांचे सांधे तिरपे ठेवावयाचे आणि बोटें सैल सोडावयाचीं. धनुष्य हातांतून पडूं नये म्हणून एक दोरी बांधलेली असते, तेव्हां तें घट्ट धरण्याचें भय उरत नाहीं.

दुसरा उपाय हत्याराचा. धनुष्य मुठीभोवतीं वळलें कीं पुढें लांब बसविलेली साइट एका बाजूला सरकते. तिरंदाज ती नकळत परत लक्ष्यावर आणतो, आणि तेवढ्यानें बाणाचें तोंड बाजूला जातें. उलट, बाण सुटत असतां प्रत्यंचा वळलेल्या धनुष्याच्या मध्याकडे परतते आणि बाणाची शेपटीहि त्याच बाजूला नेते. तोंड आणि शेपटी सारखींच सरकलीं, तर बाणाची दिशा बिघडत नाहीं. हा समतोल कसा साधावयाचा? कांहीं बाण सहज हातानें सोडावे, कांहीं मुद्दाम मूठ किंचित् डावीकडे पिळून, कांहीं उजवीकडे पिळून. तिन्ही पुंजके निरनिराळे पडले, तर बाण ज्यावर विसावतो ती टेकणी मिलिमीटर दोन मिलिमीटर मागें किंवा पुढें घ्यावी, आणि प्रयोग पुन्हा करावा. पुंजके शक्य तितके एकत्र आले, म्हणजे धनुष्य जुळलें. साइट जवळ घेतल्यानेंहि दोषाचें प्रमाण घटतें, पण मग नेम धरण्याचें बारकावे कमी होतात. म्हणून प्रत्येकानें आपला मध्य शोधावा.

यावर कोणी विचारील, कीं यंत्रानेंच दोष झांकला, तर तिरंदाजाचें कर्तृत्व तें काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर महाराष्ट्रांतच मिळालें आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजीं बर्लिन येथील जागतिक स्पर्धेंत कंपाउंड धनुष्याचीं दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकें भारतानें मिळविलीं. त्यापूर्वीं असें एकहि पदक भारताला लाभलें नव्हतें. एक पदक साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीचें, दुसरें नागपूरच्या ओजस देवतळेचें. दोघांचेहि गुरु साताऱ्याचे प्रवीण सावंत. अंतिम सामन्यांत अदितीनें १५० पैकीं १४९ गुण मिळविले, आणि ओजसनें १५० पैकीं १५०. पंधराचे पंधरा बाण त्या ८ सेंटिमीटरच्या वर्तुळांत!

प्रतिस्पर्ध्यांच्या हातींहि अशींच चाकें असलेलीं धनुष्यें होतीं. जुळवणीनें लहानशा चुकीचा दंड कमी होतो. चूक न करणारा हात जुळवणीनें तयार होत नाहीं. जहांगीराच्या काळच्या धनुर्धराला योग्य क्षणीं मूठ पिळणें शिकावें लागे. आजच्याला, सारें जग पाहत असतां, ती न पिळणें शिकावें लागतें. हें दुसरें शिक्षण पहिल्यापेक्षां सोपें आहे असें मला वाटत नाहीं, कारण भीति वाटली कीं मूठ आवळणें हा मनुष्याचा स्वभाव आहे. २०२८ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकसाठीं कंपाउंड धनुष्याच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाला आहे. तो सामना आपण पाहाल, तेव्हां लक्ष्याकडे दृष्टि जाण्यापूर्वीं क्षणभर धनुष्य धरलेल्या त्या सैल बोटांकडे अवश्य पाहावें.