फोटो संगणकात कसा पोहोचला?

कॅमेरा किंवा मोबाइल फोन केबलने संगणकाला जोडला की पडद्यावर सहसा ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसतो. यंत्र जपानी कंपनीचे असो, अमेरिकन असो वा कोरियन, नाव तेच. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे या एका नावावर एकमत कसे झाले? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. तो आपण थोडक्यात पाहू.

संगणकात फोटो प्रथम गेला तो डिजिटल कॅमेऱ्याविनाच. १९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा कागदावरचा फोटो फिरत्या नळकांड्यावर लावून यंत्राकडून टिपून घेतला. १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ ठिपके, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. या ठिपक्यांनाच पिक्सेल म्हणतात. चित्र म्हणजे अंकांची यादी, ही कल्पना येथे प्रत्यक्षात आली.

ही यादी कॅमेऱ्यातच तयार करणारे यंत्र १९७५ साली कोडॅक कंपनीतील तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी बनवले. १०० × १०० ठिपक्यांचे ते कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. ते पाहण्यासाठी फीत दुसऱ्या यंत्रात घालून टीव्ही जोडावा लागे. काढलेला फोटो ठेवायचा कुठे आणि न्यायचा कसा, हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याबरोबरच जन्माला आला.

१९९४ साली ॲपल कंपनीचा क्विकटेक १०० हा कॅमेरा बाजारात आला. त्यात ६४० × ४८० ठिपक्यांचे फक्त ८ फोटो मावत. ते केबलने संगणकात उतरवून कॅमेरा रिकामा केला, की मग पुढचे फोटो.

येथे वर्गात करण्याजोगे एक गणित आहे. ६४० × ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा व निळा यांचे मिळून ३ बाइट लागतात; एकूण ९,२१,६०० बाइट. त्या काळच्या घरगुती संगणकाच्या सिरियल जोडणीतून सेकंदाला साधारणतः जास्तीत जास्त १,१५,२०० बिट जात. एका बाइटचे ८ बिट, शिवाय आरंभ आणि शेवट दाखवणारे २ बिट, असे १० धरले तर सेकंदाला ११,५२० बाइट झाले. भागाकाराचे उत्तर येते ८० सेकंद. एका फोटोला सव्वा मिनिटाहून जास्त!

यावर उपाय दोनच : सामान कमी करणे किंवा रस्ता रुंद करणे. पहिल्या उपायाचे मूळ बंगळूरला जन्मलेल्या नसीर अहमद यांच्या कामात आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ साली ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही गणिती रीत प्रसिद्ध केली. तिच्या आधारे १९९२ साली ‘जेपेग’ हे प्रमाण ठरले. त्यात चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात, चौकोनातील सावकाश बदलणाऱ्या छटा आणि बारीक तपशील वेगळे करतात, आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील गाळतात. फाइल दहाव्या हिश्श्यावर आली तर वरचे ८० सेकंद ८ वर येतात. दुसरा उपाय म्हणजे १९९६ साली आलेली यूएसबी जोडणी. बडोद्यात शिकलेले अजय भट्ट हे इंटेल कंपनीत तिच्या शिल्पकारांपैकी एक. तिची क्षमता सेकंदाला १ कोटी २० लाख बिट, म्हणजे जुन्या जोडणीच्या सुमारे शंभरपट होती.

तरीही एक अडचण उरली. कॅमेऱ्याने फोटो कुठे ठेवला, हे संगणकाला कळावे कसे? जपानमधील उत्पादकांच्या संघटनेने १९९५ साली ‘एक्झिफ’ हा संकेत ठरवला. त्यानुसार फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, शटरचा वेग यांची नोंद होते. १९९८ साली पुढचा नियम आला : सर्व फोटो ‘डीसीआयएम’ फोल्डरात ठेवायचे आणि प्रत्येकाचे नाव चार चिन्हे व चार अंक असे द्यायचे. आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

मात्र या नियमाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. क्रमांक ०००१ ते ९९९९ एवढेच. ते संपले किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, की वेगळ्या फोटोला जुनेच नाव मिळते. दोन्ही एकाच फोल्डरात उतरवताना संगणक ‘जुनी फाइल बदलू का?’ असे विचारतो. घाईत ‘हो’ म्हटले, तर गेल्या वर्षीचे स्नेहसंमेलन कायमचे पुसले जाते! तारखेचेही तसेच. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल, तर फोटो आयुष्यभर खोटी तारीख सांगत राहतो.

म्हणून शाळेत तीन सवयी लावाव्यात. प्रत्येक प्रसंगाला वेगळा फोल्डर करावा आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. नावांच्या क्रमाने लावले तरी फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि ती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्यातील फोटो पुसू नयेत. तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची : फोटोत कोण आहे आणि प्रसंग कोणता, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवावे. कागदी फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहीत, तेच हे काम. कर्श यांच्या फोटोतील बाळाचे नाव वॉल्डन होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. कारण ते कोणीतरी सांगून ठेवले. ठिपके यंत्र जपते, पण नावे आपल्यालाच जपावी लागतात.