सॉकेटची झाकणे: मुलांची सुरक्षा आणि वीजबिल

सुट्टीत नातवंडे सिल्वासाला आली की रांगते मूल आधी जमिनीलगतच्या सॉकेटकडे वळते. त्यात २३० व्होल्टची वीज असते. म्हणून झाकणे आणण्यापूर्वी सभासदांनी पुढील गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो.

शटर : खालच्या दोन भोकांत आत प्लॅस्टिकचा पडदा दिसला, तर सॉकेट शटरचे आहे. अनेक सॉकेटमध्ये वरच्या भोकात अर्थिंगची लांब पिन गेली की हा पडदा उघडतो. त्यामुळे तशी पिन असलेले झाकण पडदा उघडाच ठेवू शकते. याच धोक्यामुळे इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये रुग्णालयांतून अशी झाकणे काढायला सांगितले. शटर चांगले असेल, तर झाकण लावू नये.

जुने सॉकेट : शटर नसेल, तर वायरमनकडून आयएसआय चिन्हाचे शटर सॉकेट बसवून घ्यावे. तोवर झाकण लावायचेच तर ते घट्ट बसणारे असावे. सैल, छोटे झाकण मूल काढून तोंडात घालते.

आरसीसीबी : मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. तिचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे.

वीजबिल : थंड देशांत सॉकेटच्या फटीतून येणारा गार वारा अडवला की हीटरचा खर्च वाचतो. आपल्याकडे झाकणाने बिल कमी होत नाही. बटण बंद केल्याने होते. सतत ५ वॅट घेणारे उपकरण वर्षाला सुमारे ४४ युनिट खाते. बटण बंद असले की मुलालाही धोका कमी.