नॉर्वेची ओवाळणी

पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्याच भाऊबीजेला मी आक्कासाठी विजेचा पंखा नेला. तिच्या वाडीत वीज आलेली नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही; पण त्या पंख्याच्या ऐटीपुढे तो विचार मनाला शिवलाच नाही. आक्काने मला ओवाळले, पंखा कौतुकाने फळीवर ठेवला आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या खोक्यात सांडगे-पापड भरून ठेवले.

केनियातील तुर्काना सरोवराची हकीकत वाचताना मला तो पंखा आठवला.

केनियाच्या उत्तरेला, रखरखीत मुलखात हे सरोवर पसरले आहे. १९७५ पर्यंत त्याला रुडॉल्फ सरोवर म्हणत. इथिओपियातून येणारी ओमो नदी ते भरते. बाहेर जायला मात्र पाण्याला वाट नाही. तिथले तुर्काना लोक उंट, गुरे, शेळ्यामेंढ्या घेऊन चाऱ्यापाण्यामागे हिंडणारे. आपल्या धनगरांप्रमाणे त्यांचेही धन चार पायांवर चालते. मासे धरणे हे ज्याची जनावरे गेली त्याचे काम, अशी त्यांची समजूत.

दुष्काळाने गांजलेल्या या लोकांना हात द्यावा, असे नॉर्वेला वाटले. हेतू निर्मळ होता. नॉर्वे हा मासळीवर पोसलेला देश. सरोवरात मासे विपुल. मग आणखी काय हवे? १९७० नंतर नोराड या त्यांच्या सरकारी संस्थेने होड्या दिल्या, मच्छिमारांच्या सहकारी संघाला बळ दिले, किटालेहून लोडवारकडे रस्ता बांधला आणि कालोकोल येथे मासे गोठवण्याचा कारखाना उभारला. १९८० नंतर लवकरच तो तयार झाला, आणि जेमतेम काही दिवस चालून बंद पडला.

हिशेब साधा होता. नॉर्वेत थंडी फुकटची आणि धबधब्यांची वीज स्वस्त. इथे बाहेर वाळवंटाचे ऊन. मासळीला जी किंमत यायची, तिच्याहून ती गोठवण्याचाच खर्च अधिक. स्वच्छ पाणीही भरपूर लागे, आणि नेमकी त्याचीच वानवा. त्यातच सरोवराची पातळी उतरली आणि जिथे मासे सर्वाधिक मिळत, ती फर्ग्युसनची उथळ खाडी कोरडी पडली. मासळीच्या भरवशावर काठाला येऊन राहिलेल्या कित्येक कुटुंबांपाशी ना मासे उरले, ना कळप.

पुढे १९९० मध्ये कोइगी वा वामवेरे या सरकारविरोधी नेत्यावरून केनियाने नॉर्वेशी संबंधच तोडले आणि मदतीचा ओघ आटला. ते संबंध १९९४ मध्ये पुन्हा जुळले.

पण दिलेले सारेच वाया गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. काठावरचे लोक मासे उन्हात वाळवतात. त्याला वीज लागत नाही. सुकी मासळी दूरच्या बाजारांना जाते, त्यासाठी रस्ता उपयोगी पडला. कारखान्याच्या इमारतीतही पुढे सुक्या मासळीचीच साठवण होऊ लागली. ते वाचले आणि आक्काचे सांडगे-पापड माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले!

दुसऱ्या वर्षी मी भाऊबीजेआधी पत्र टाकून विचारले, “आक्का, काय आणू?”

तिने उलटटपाली कळवले, “विहिरीचा दोर विरलाय रे. नवा आण.”

तो दोर पुष्कळ वर्षे टिकला.