सोळा आणे पीक

आमच्या वसमत तालुक्यातल्या गावात आजोबांनी पिकाचं उत्पन्न कधी रुपयांत सांगितलं नाही. ‘औंदा आठ आणे पिकलं,’ एवढंच. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, बाकी सगळं त्याच्या हिशेबानं. १९५७ साली दशमान नाणी आली, कागदावरची आणेवारी पुढे पैसेवारी झाली, पण आजोबांच्या तोंडचे आणे सुटले नाहीत.

ही पैसेवारी काढायला शिवारात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तिथलं पीक कापून, मळून, वजन करून प्रमाण उत्पन्नाशी ताडायचं. आकडा पन्नास पैशांच्या आत आला तर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला थांबा, पोरांची परीक्षा फी माफ. पण तो आकडा यायचा पीक हातचं गेल्यावर. आणि मला सर्वात सलतं ते हे, की खुरपणी-काढणीवर जगणारी बाई त्यात कुठेच नव्हती. पीक गेलं की तिची रोजी आधी जायची.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनं पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहाला दिसणारी हिरवाई हे दुष्काळ ठरवायचे निकष पुढे आणले. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. आमच्या हिंगोली जिल्ह्यातली गावंही त्यात आहेत, आणि तिथं गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात. आमच्याकडची हळद आठ-नऊ महिने रानात राहते, पाणी मागते. वसमतकरांसाठी हा ताळेबंद म्हणजे घरच्या पुढल्या मिळकतीचाच अंदाज. त्यात त्या बाईच्या रोजीचाही रकाना असावा, असं मी दर ग्रामसभेत उभी राहून मागते.