काळजाचे चार भाग

मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की हाती पडते ते यकृत. आपल्या 'काळीज' या शब्दाला हृदयाबरोबर यकृत हाही अर्थ आहे. लेकराला 'काळजाचा तुकडा' म्हणणाऱ्या आईच्या तो मनातही नसतो. त्याच काळजात बालपणी उठणारी गाठ कापण्यापूर्वी मोजायची कशी, हे वैद्यकाला उमगायला विसावे शतक जवळजवळ सरावे लागले. त्या मोजणीचा हा इतिहास.

मुलांच्या यकृतातील कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारा म्हणजे हेपॅटोब्लास्टोमा. तरीही तो दुर्मिळ. दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दुसरे मूल, आणि तेही बहुधा पहिल्या तीन वर्षांतले. मूल बोलून दुखणे सांगत नाही. पोट फुगते, आणि आंघोळ घालताना आईच्या हाताला उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागते. रायगडच्या किनाऱ्यावरून, मुरूड-श्रीवर्धनहून असे मूल घेऊन निघालेल्यांची वाट बहुधा परळला जाई. कुणी एस.टी.ने, कुणी रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून. परळला 1929 पासून वाडिया बाल रुग्णालय होते आणि 28 फेब्रुवारी 1941 पासून टाटा स्मारक रुग्णालय.

त्या काळी जगभर रीत एकच होती. आधी पोट उघडायचे, निघेल तेवढी गाठ काढायची. अमेरिकेत रूढ झालेली श्रेणीही शस्त्रक्रियेनंतरच ठरे. गाठ पूर्ण निघाली तर पहिली श्रेणी, सूक्ष्म अवशेष राहिले तर दुसरी, डोळ्यांना दिसेल एवढी उरली किंवा काढताच आली नाही तर तिसरी, आणि रोग दूर पसरलेला असला तर चौथी. यात एक पेच होता. सारख्याच गाठीची दोन मुले दोन सर्जनांकडे गेली तर त्यांच्या श्रेणी वेगळ्या ठरू शकत. मोजमाप रोगाचे होते, तसेच सर्जनच्या हाताचेही होते.

आधी मोजायचे तर नकाशा हवा. बाहेरून दिसणारे यकृताचे डावे-उजवे भाग फसवे आहेत, हे हाँगकाँगमध्ये काम केलेल्या जेम्स कँटली या स्कॉटिश डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. खरी सीमा पित्ताशयापासून मागच्या महाशिरेकडे जाते. 1957 मध्ये फ्रेंच सर्जन क्लोद क्विनो यांनी रक्तवाहिन्यांच्या साच्यांचा अभ्यास करून यकृताचे आठ खंड मांडले. पुढे 1971 मध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले आणि पोट न उघडता आत डोकावण्याची सोय झाली. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने ही गाठ आकसते, हेही दिसू लागले.

हे धागे 1990 मध्ये युरोपात एकत्र आले. सायोपेल या अभ्यासगटाने पहिल्या चाचणीसाठी 'प्रीटेक्स्ट' ही पद्धत आखली. क्विनोंच्या खंडांवरून यकृताचे चार उभे भाग धरले, आणि रोगी भागांऐवजी शेजारी-शेजारी असलेले निरोगी भाग मोजले. असे तीन भाग मोकळे असतील तर पहिली श्रेणी, दोन असतील तर दुसरी, एक असेल तर तिसरी, एकही नसेल तर चौथी. गाठ मधल्या दोन भागांत असेल तर दोन्ही टोके मोकळी असूनही श्रेणी तिसरी, कारण ती टोके सलग नाहीत. गाठ महाशिरांना भिडली आहे का, फुटली आहे का, फुफ्फुसांत गेली आहे का, हे वेगळ्या खुणांनी नोंदवायचे. शेवटी मूल जगणार असते ते मागे ठेवलेल्या यकृतावर, म्हणून मोजायचे तेच.

या गटाने आधी औषध आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम ठेवला. पहिल्या चाचणीतील हेपॅटोब्लास्टोमाची 154 मुले पाहता पाच वर्षांनी सुमारे 75 टक्के हयात होती. पद्धत निर्दोष मात्र नव्हती. 2005 मध्ये आधीची श्रेणी काढलेल्या यकृताशी ताडून पाहिली, तेव्हा ती निम्म्याच मुलांत तंतोतंत जुळली. चुकली तिथे बहुधा रोग होता त्याहून मोठा दिसला होता, कारण गाठीने नुसता दाबलेला भागही चित्रात ग्रासलेला भासतो. म्हणून औषधांनंतर पुन्हा स्कॅन काढून पुन्हा मोजायचे. 2017 मध्ये अमेरिका, युरोप आणि जपानमधील गटांनी 1605 मुलांची माहिती एकत्र केली. धोका ठरवण्याच्या त्या समान चौकटीचा पाया प्रीटेक्स्टच होता.

आधी मोजल्याचा आणखी एक लाभ झाला. कमी धोक्याच्या मुलांना एकटे सिस्प्लॅटिन पुरते, हे 2009 मध्ये सिद्ध झाले आणि हृदयाला अपाय करू शकणारे दुसरे औषध त्यांच्यापुरते टळले. सिस्प्लॅटिनने ऐकू येणे मंदावते. त्यावर सोडियम थायोसल्फेटचा उपाय 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. बहिरेपणाचे प्रमाण 63 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आले.

टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र 2002 मध्ये परळहून खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आले. वाट थोडी जवळ आली, पण मूल उशिरा पोचण्याचा प्रश्न उरतोच. मोठी गाठ पाहून 'आता काही होणार नाही' म्हणत माघारी फिरणारे, किंवा 'ऑपरेशन लांबवताहेत' म्हणून मधेच उपचार सोडणारे आईबाप आजही असतात. त्यांना हा इतिहास कुणीतरी सांगायला हवा. शस्त्रक्रियेआधीचे ते काही महिने हाही उपचारच आहे, आणि काळजाचा एक भाग शाबूत असला तरी मुलाच्या वाढत्या वयात यकृत पुन्हा भरून येते.