दारात बसलेला तगादा



आजच्या बोलण्याची सुरुवात बचत गटाच्या बैठकीत आलेल्या एका प्रश्नापासून करते. बैठक संपली, सतरंजी गुंडाळली, तेव्हा एकजण मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, माझ्या क्रेडिट कार्डाचे पैसे थकलेत. वसुलीवाला फोनवर म्हणतो, घरातली भांडीकुंडी उचलून नेऊ, तुम्हाला आत बसवू. नेतील का हो?"

उत्तर "नाही" असं आहे. पण हे "नाही" आपल्याला कोणी सहज दिलेलं नाही. ते कायद्यात उतरायला शंभर वर्षांच्या आसपास काळ गेला, आणि त्यात आपल्या अलिबाग तालुक्यातल्या माणसांचाही वाटा आहे. ती गोष्ट आज सांगते.

आपण "तगादा लावला" असं सहज म्हणतो. पेशवाईत तगादा म्हणजे नुसतं पुन्हापुन्हा मागणं नव्हतं. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचे प्रकार दिले आहेत. सावकार कर्जदारावर पहारा बसवायचा, त्याला जेवू द्यायचा नाही, डोक्यावर जड दगड देऊन भर उन्हात एका पायावर उभं करायचा. दुसरा प्रकार धरण्याचा. घेणेकरी दारात उपाशी बसायचा, म्हणजे घरातल्यांच्या घशाखाली घास उतरू नये आणि देवाचा कोप होईल अशी भीती बसावी. हे धरणं पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेत गुन्हा ठरलं. तिथे उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसलेल्या माणसाचंच दिलं आहे.

या सगळ्यात पैसा कशातून निघत होता बघा. कर्जदाराजवळ नसलेला पैसा दगड ठेवून येत नाही. तो येतो लाजेतून. शेजारी बघतायत, सोयरे ऐकतील, म्हणून माणूस कुठूनतरी आणून देतो. बाई तर आधी अंगावरचं उतरवून देते.

इंग्रजी राज्यात कोर्टं आली आणि दगडाची जागा कागदाने घेतली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवलं की कर्जाचा दावा ठरावीक मुदतीतच करायचा, साध्या रोख्याला तीन वर्षं. हेतू कर्जदाराला वाचवायचा होता. सावकारांनी त्यातून वेगळीच वाट काढली. तीन वर्षं भरत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहायचा आणि त्यावर शेतकऱ्याचा अंगठा घ्यायचा. शंभराचे दोनशे झाले तरी त्याला कळायचं नाही, कारण कागद वाचता येत नव्हता. ही तीन वर्षांची मोजणी आजही आहे. मुदतीच्या आत लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. म्हणून समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करायची नाही, हा धडा तेव्हाचाच आहे.

त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, वर सरकारने शेतसारा वाढवला. सावकारांनी हात आखडला आणि जुन्या वसुलीला सुरुवात केली. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर देशमुखाचं घर घेतलं आणि पाडून टाकलं. गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षी १२ मे १८७५ ला, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा उसळला. लोकांनी सावकारांच्या घरातून रोखे आणि हुकूमनामे काढले आणि जाळले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगालाही दिसलं की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले, तिथे बहुतेक ठिकाणी त्याला हात लागला नाही.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना. त्याने कोर्टाला सांगितलं की रोख्यावरचा आकडा खरा धरू नका, पहिल्यापासूनचा हिशोब काढा. मुद्दल किती, व्याज किती ते वेगळं करा, हप्ते बांधून द्या. पैशाच्या कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणंही त्याने थांबवलं.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. इथे सावकाराइतकाच खोत होता, आणि पुष्कळदा दोघं एकच. खारजमिनीला बांध कुळांनी घालायचे, भात कुळांनी पिकवायचं, आणि अर्ध्याहून जास्त खोताच्या घरी पोचवायचं. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की त्याच खोताकडून खावटी आणायची. खावटी दिढीने मिळायची. एक मण घेतलं तर सुगीला दीड मण परत. कुळाकडून कबुलायत लिहून घेतलेली असायची, त्यात काय लिहिलंय ते कुळाला माहीत नसायचं. वर वेठ वेगळी.

पोयनाडजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सभा झाली आणि संप ठरला. खोताची जमीन कसायचीच नाही. चरीबरोबर आसपासची पंचवीसेक गावं संपात उतरली. संप एकदोन महिने नाही, सहा वर्षं चालला. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे धरले, मिळेल ती मजुरी केली. त्या सहा वर्षांत चूल कशी पेटत राहिली असेल, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. एकाही घराने गुपचूप जाऊन खोताची जमीन घेतली असती तर बाकीच्यांचा जोर गेला असता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ च्या डिसेंबरात चरीला शेतकरी परिषदेसाठी आले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि संप मिटला. १९४९ च्या कायद्याने खोतीच गेली.

आता त्या मैत्रिणीच्या भांड्यांकडे वळते. १८८८ साली इंग्रज सरकारने कायदा केला की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करायची नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तेच ५६ वं कलम झालं, आणि ते आजही लागू आहे. त्याच संहितेच्या ६० व्या कलमात जप्तीतून काय सुटतं याची यादी आहे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाई अंगावरून उतरवू शकत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि गुरं, मजुराची मजुरी. हुकूमनामा असला तरी हे उचलता येत नाही. मग हुकूमनामाही नसलेल्या, फोनवरच्या माणसाला ते कुठून उचलता येणार? मात्र जे आपण स्वतः तारण दिलंय, म्हणजे गहाण सोनं, कर्जावरची गाडी, गहाण घर, त्याचा कायदा वेगळा आहे. क्रेडिट कार्डाला सहसा तारण नसतं.

१९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. वसुलीसाठी कर्जदाराला धमकावणं, त्याचा पाठलाग करणं, त्याच्या घराभोवती घुटमळत राहणं हा सावकाराचा गुन्हा ठरला. पेशवाईतला तगादा अखेर सावकाराच्या कायद्यात गुन्हा म्हणून लिहिला गेला. त्या जागी आता २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. दामदुपटीचा जुना नियमही त्यात आहे. सावकाराला मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. दामदुपट बँकेच्या कार्डाला लागत नाही. कार्डाच्या व्याजाला वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा ग्राहक आयोगाने २००८ साली घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. म्हणून हिशोब आपल्यालाच करावा लागतो. समजा २०,००० रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. बिलावर "किमान रक्कम" पाच टक्के, म्हणजे १,००० रुपये लिहिलेली आहे. आपण ती भरली. त्यातले ७०० व्याजाला गेले, व्याजावरच्या जीएसटीला १२६. मुद्दलातून उतरले फक्त १७४ रुपये. वर्षाचं व्याज ४२ टक्के झालं. खोताच्या दिढीला सुगीपर्यंत ५० होतं. किमान रक्कम भरली की बाकी मिटत जाते, हा समज मनातून काढून टाका.

आणि वसुलीवाला? सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावलं की बँकांनी वसुलीसाठी गुंड वापरायचे नाहीत, कायद्याच्याच वाटेने जायचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ आणि धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना त्रास नाही. एजंट काय करतो याची जबाबदारी बँकेचीच. कार्डाची बाकी थकणं एवढ्यानेच फौजदारी गुन्हा होत नाही. आणि कार्ड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या एकट्याच्या नावावर असेल, आपण जामीन नसू, तर ती बाकी आपल्या अंगावर येत नाही.

म्हणून दारात कोणी आलं तर घाबरून पैसे हातात ठेवू नका. ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा. शेजारणीला हाक मारा. फोनची तारीख, वेळ आणि बोलणं वहीत लिहून ठेवा. हिशोब लेखी मागा आणि हप्ते बांधून मिळावेत म्हणून बँकेला लेखी अर्ज करा. पैसे बँकेतच भरा, पावती ठेवा, मिटल्यावर "काही बाकी नाही" असं पत्र घ्या. त्रास झाला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीचा नंबर १४४४८, फोन फुकट. धमकी किंवा अंगावर येणं झालं, तर सरळ ११२.

घेतलेलं मुद्दल आपलंच देणं आहे, ते मी नाकारत नाही. बँक कोर्टात जाऊ शकते, पुढचं कर्ज अडू शकतं. पण देणं फेडायचं ते हिशोबाने, लाजेने नाही.

त्या मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, पुढच्या बैठकीला कार्डाची सगळी बिलं घेऊन ये. ती घेऊन आली. सतरंजीवर कागद पसरले, चौघी वाचायला बसल्या, एकीने मोबाईलवर बेरीज केली. फोन तेव्हाही वाजला. तिने तो उचलला आणि म्हणाली, "जे सांगायचं ते लिहून पाठवा."